इंग्रजी वाक्यात नाम, सर्वनाम आणि प्रेपोझिशन कसे ओळखावे

मराठी माध्यमात शिकलेल्या कोणालाही नामाची व्याख्या विचारली, तर ती चटकन मिळते: व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांच्या नावाला नाम म्हणतात. व्याख्या चुकीची नाही, पण इंग्रजी वाक्य समोर आले की ती फारशी कामाला येत नाही. 'शी गेव्ह हिम अ लुक' या वाक्यातला 'लुक' हा शब्द घ्या. पाहणे ही क्रिया आहे, तेव्हा हे क्रियापद असणार, असे विद्यार्थी म्हणतो आणि त्याचे उत्तर चुकते. 'ऑल ऑफ अस वेंट फॉर अ रन' मधल्या 'रन'चेही तेच होते. दोन्ही वाक्यांत हे शब्द नामे आहेत, आणि ती नामे का आहेत हे त्यांच्या अर्थाकडे कितीही वेळ पाहिले तरी कळणार नाही, कारण इंग्रजीत शब्दाची जात प्रामुख्याने त्याच्या वाक्यातल्या जागेवरून आणि तिथे तो करत असलेल्या कामावरून ठरते.

मराठी माणसाला हे सुरुवातीला अवघड जाते, त्याला कारण आहे. आपल्या भाषेत नाम वाक्यात शिरताना स्वतःचे रूप बदलते. 'घोडा' हा शब्द 'घोड्याने', 'घोड्याला', 'घोड्यावर' असा होतो, आणि ते सामान्यरूप व त्याला लागलेला प्रत्ययच सांगतो की हे नाम आहे व त्याचा वाक्यातल्या इतर शब्दांशी अमुक संबंध आहे. म्हणून 'वाघाने हरणाला मारले' म्हणा किंवा 'हरणाला वाघाने मारले' म्हणा, मेले हरणच. इंग्रजीत मात्र 'द टायगर किल्ड द डीअर' या वाक्यातील दोन शब्दांची अदलाबदल केली, की मरणारा वाघ होतो. शब्दांवर कसलीही खूण नसते, खूण असते ती क्रमात. इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते, ते पुढच्या काही शतकांत झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दक्रमाने व प्रेपोझिशनांनी उचलले. झीज झाली नाही ती सर्वनामांची. 'ही' आणि 'हिम', 'वी' आणि 'अस' या जोड्या त्या जुन्या विभक्तींचे अवशेष आहेत, आणि शब्दजाती ओळखण्यासाठी आपल्याला त्यांचा मोठा उपयोग होणार आहे.

आपल्याकडे शब्दांच्या आठ जाती शिकवल्या जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठीतली ही मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होत आली आहे. त्यामुळे दोन्ही भाषांतल्या पारिभाषिक शब्दांची जोडी सहज लागते: नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. जोडी लागते म्हणून दोन्ही भाषांची वागणूकही सारखीच असेल असे आपण गृहीत धरतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पाठ्यपुस्तकांत क्रम ठरलेला असतो. आधी नाम, मग सर्वनाम आणि बऱ्याच प्रकरणांनंतर प्रेपोझिशन. माझ्या मते शिकणाऱ्याने हा क्रम बदलावा आणि सर्वनामापासून सुरुवात करावी. इंग्रजीत नामे लाखोंनी आहेत आणि रोज नवी तयार होतात. सर्वनामे मात्र मोजकी आहेत, ती पाठ होऊ शकतात, आणि एकदा ती हाताशी आली की नाम आणि प्रेपोझिशन ही दोन्ही त्यांच्याच मदतीने ओळखता येतात. पुढचे सगळे विवेचन या एकाच गोष्टीवर उभे आहे.

पुरुषवाचक सर्वनामांची कर्त्याच्या जागी येणारी रूपे अशी आहेत: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. हीच सर्वनामे कर्माच्या जागी किंवा प्रेपोझिशनच्या मागोमाग आली, की त्यांची रूपे अनुक्रमे मी, अस, यू, हिम, हर, इट, देम अशी होतात. यातला 'मी' इंग्रजी आहे. आपला 'मी' कर्त्याच्या जागी येतो आणि इंग्रजीतला कर्माच्या, एवढे ध्यानात ठेवले की देवनागरीत वाचताना गल्लत होणार नाही. 'यू' आणि 'इट' या दोघांचे रूप बदलत नाही, म्हणून कसोटी लावताना शक्यतो 'हिम' किंवा 'देम' वापरावे. त्यांचे रूप पाहताच जागा कोणती ते कळते.

सर्वनाम नामाऐवजी येते असे आपण शिकतो. हे अर्धेच खरे आहे. 'द टॉल गर्ल इन द रेड साडी इज माय सिस्टर' या वाक्यात नाम आहे 'गर्ल'. तिथे फक्त 'गर्ल' काढून 'शी' घातले तर 'द टॉल शी इन द रेड साडी' असे काहीतरी तयार होते, जे कोणीही बोलत नाही. 'शी' हा शब्द 'द टॉल गर्ल इन द रेड साडी' या संपूर्ण पदसमूहाची जागा घेतो आणि वाक्य होते 'शी इज माय सिस्टर'. म्हणजे सर्वनाम नामाची नव्हे, तर नामाभोवती जमलेल्या सगळ्या शब्दांसकट नामसमूहाची जागा घेते. वाक्याचे तुकडे कुठे पडतात हे शोधण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही: जेवढा भाग काढून तिथे एकच सर्वनाम बसते आणि वाक्य धडधाकट राहते, तेवढा एक नामसमूह.

सर्वनामांसारखे दिसणारे काही शब्द एकटे उभे न राहता नामाच्या आधी येतात, आणि परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथे. 'धिस इज अ मँगो' मधले 'धिस' एकटे उभे आहे, म्हणून ते सर्वनाम. 'धिस मँगो इज स्वीट' मधले 'धिस' नामाला चिकटून आले आहे, म्हणून ते विशेषणाचे काम करते. मराठी व्याकरणात अशा शब्दांना सार्वनामिक विशेषण म्हणतात, आणि 'हा गोड आहे' व 'हा आंबा गोड आहे' यांतला फरकही अगदी हाच आहे. माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स, देअर हे शब्द नामाच्या आधी येतात, तर माइन, अवर्स, युअर्स, हर्स, देअर्स हे शब्द एकटे उभे राहतात. शाळेतली बरीच व्याकरणे पहिल्या गटालाही सर्वनामांतच मोजतात, म्हणून प्रश्नपत्रिकेला उत्तर देताना आपल्या पुस्तकातली विभागणी पाहून घ्यावी. काम मात्र दोन गटांचे वेगळे आहे.

'हर' या शब्दाची अडचण विशेष आहे, कारण कर्माच्या जागी येणारे सर्वनाम आणि नामाच्या आधी येणारा शब्द अशी दोन्ही कामे तो एकाच रूपाने करतो. 'आय सॉ हर' आणि 'आय सॉ हर बॅग' या दोन वाक्यांत 'हर'ची जात एकच की वेगळी, हे ठरवायचे असेल तर बाईच्या जागी पुरुष कल्पावा. पहिले वाक्य 'आय सॉ हिम' असे होते आणि दुसरे 'आय सॉ हिज बॅग' असे होते. रूपे वेगळी आली, म्हणजे कामे वेगळी आहेत.

'दॅट' त्याहून अधिक कामे करतो. 'दॅट इज आवर हाउस' मध्ये तो दर्शक सर्वनाम आहे, 'दॅट हाउस इज आवर्स' मध्ये विशेषणासारखा, 'द हाउस दॅट वी बॉट इज ओल्ड' मध्ये संबंधी सर्वनाम, आणि 'आय नो दॅट ही इज इल' मध्ये निव्वळ दोन वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय. शेवटच्या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी 'दॅट' काढून 'विच' घालून पाहावे. 'द हाउस विच वी बॉट' हे चालते, 'आय नो विच ही इज इल' हे चालत नाही.

सर्वनामांच्या बाबतीत आपली मातृभाषा काही ठरावीक ठिकाणी आपल्याला आडवाटेला नेते, आणि ती ठिकाणे आधीच माहीत असलेली बरी. मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग आहे, पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. इंग्रजीत या सगळ्यांसाठी एकच 'इट' आहे. मराठीत आदरार्थी अनेकवचन आहे, आणि म्हणून 'माझे वडील शेतकरी आहेत, ते पहाटे उठतात' असे मनात म्हणणारा मुलगा निबंधात 'माय फादर इज अ फार्मर, दे गेट अप अर्ली' असे लिहितो. त्याच्या मनातला आदर खरा आहे, पण इंग्रजी तो आदर सर्वनामातून दाखवत नाही, तिथे वडील 'ही'च. उलट दिशेने पाहिले तर इंग्रजीतल्या एका 'यू'मध्ये आपले तू, तुम्ही आणि आदरार्थी आपण हे तिघेही मावतात, आणि 'वी'मध्ये आम्ही आणि आपण यांतला भेद पुसला जातो. 'आपला' या शब्दाची उणीवही तिथे भासते. 'रमेशने सुरेशला आपले पुस्तक दिले' म्हटले की पुस्तक रमेशचे हे नक्की होते, पण 'रमेश गेव्ह सुरेश हिज बुक' मधले 'हिज' कोणाचे, हे मागच्या-पुढच्या संदर्भावरूनच ठरवावे लागते.

मराठीत कर्ता गाळला तरी चालते. 'काल पुण्याला गेलो होतो' यात गेला कोण हे क्रियापदच सांगते. आज्ञार्थी वाक्ये सोडली तर इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि ही सक्ती इतकी कडक आहे की सांगण्यासारखा कर्ता नसला तरीही तिथे काहीतरी बसवावे लागते. 'इट इज रेनिंग' मधले 'इट' म्हणजे काय, असे मुले विचारतात. ते कशाच्याच बदली आलेले नाही. ते केवळ जागा भरण्यासाठी आहे. आपण 'पाऊस पडतो आहे' म्हणतो तेव्हा कर्ता पाऊस असतो, इंग्रजीत पाऊस क्रियापदात गेला आणि कर्त्याच्या मोकळ्या जागी 'इट' बसले. शब्दाची जात विचारली तर उत्तर सर्वनाम हेच द्यायचे, मात्र त्याचा अर्थ शोधत बसायचे नाही.

आता प्रेपोझिशन. त्याच्या व्याख्येत 'स्थळ, काळ, दिशा यांचा संबंध दाखवणारा शब्द' असे असते, आणि मग विद्यार्थी 'हिअर', 'देअर', 'टुमॉरो' यांनाही प्रेपोझिशन म्हणू लागतो, कारण तेही स्थळ आणि काळच दाखवतात. इथेही अर्थापेक्षा जागा पाहावी. प्रेपोझिशनला पुढे आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे नामसमूह. मराठीत 'झाडाखाली' म्हणताना नाम आधी आणि 'खाली' नंतर येते, इंग्रजीत 'अंडर द ट्री' म्हणताना 'अंडर' आधी आणि नाम नंतर. म्हणून इंग्रजी वाचताना मराठी मनाला थोडे उलटे चालावे लागते. कसोटी सोपी आहे: त्या शब्दापुढचा नामसमूह काढून 'इट', 'हिम' किंवा 'देम' घालावे. 'अंडर इट', 'विथ देम', 'फॉर हिम', 'फ्रॉम अस' हे सगळे नीट बसते, म्हणून अंडर, विथ, फॉर, फ्रॉम ही प्रेपोझिशने. 'हिअर देम' किंवा 'टुमॉरो हिम' असे काही होत नाही, म्हणून ती प्रेपोझिशने नव्हेत.

प्रेपोझिशननंतर 'ही' किंवा 'दे' कधीच येत नाही, नेहमी 'हिम' आणि 'देम' येते. 'बिट्वीन यू अँड आय' असे लिहिणारे पुष्कळ आहेत, अगदी इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही, पण प्रमाण लेखनात 'बिट्वीन यू अँड मी' हेच बरोबर धरतात, कारण 'बिट्वीन' हे प्रेपोझिशन आहे. त्याच नियमाचा आधार घेऊन 'आफ्टर' आणि 'बिफोर' यांची दोन रूपे वेगळी करता येतात. 'आफ्टर हिम' म्हटले तर 'आफ्टर' प्रेपोझिशन, आणि 'आफ्टर ही लेफ्ट' म्हटले तर तोच शब्द वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय, कारण पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले संपूर्ण वाक्य आले आहे. सिन्स आणि अन्टिल यांचेही असेच. काही आधुनिक व्याकरणकार या दोन्ही उपयोगांना प्रेपोझिशनच म्हणतात आणि त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे, परंतु शाळेत आणि स्पर्धा परीक्षांत जुनी विभागणीच चालते, म्हणून तीच पाळावी.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो क्रियापदाला जोडून येणाऱ्या अप, ऑफ, ऑन, डाउन अशा शब्दांचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. पुढची दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्याचा अर्थ तो टेकडी चढून धावत गेला, दुसऱ्याचा अर्थ त्याने मोठे बिल करून ठेवले. दिसायला एका शब्दाचा फरक आहे, पण आतली बांधणी पूर्ण वेगळी आहे. आता नामसमूहाच्या जागी 'इट' घाला. पहिले वाक्य होते 'ही रॅन अप इट', कारण 'अप' हा 'हिल'चा आहे आणि दोघे मिळून 'टेकडीवर' असा एक तुकडा बनवतात. दुसरे वाक्य मात्र 'ही रॅन इट अप' असेच म्हणावे लागते, कारण 'अप' हा 'रॅन'चा आहे आणि दोघे मिळून एकच क्रियापद बनते. सर्वनाम मध्ये शिरू शकले की तो शब्द प्रेपोझिशन नाही, क्रियापदाचा जोडीदार आहे. शाळेच्या व्याकरणात त्याला बहुधा क्रियाविशेषण म्हणतात. घरातल्या पंख्याचेच उदाहरण घ्या. 'स्विच ऑफ द फॅन' मध्ये 'फॅन'च्या जागी सर्वनाम घातले तर 'स्विच इट ऑफ' होते, म्हणून 'ऑफ' प्रेपोझिशन नव्हे. 'ही फेल ऑफ द लॅडर' मध्ये 'ही फेल ऑफ इट' होते, म्हणून तिथला 'ऑफ' प्रेपोझिशन. नामसमूह अजिबात नसेल, जसे 'प्लीज सिट डाउन', तर प्रश्नच मिटला.

दुसरा घोटाळा 'टू'चा. देवनागरीत लिहिताना दोन या अर्थाचा 'टू', सुद्धा या अर्थाचा 'टू' आणि हा 'टू' एकसारखेच दिसतात, पण त्यांची इंग्रजी स्पेलिंग वेगळी आहेत, त्यामुळे तो प्रश्न फक्त आपल्या लिपीतला आहे. खरा प्रश्न असा की दोन अक्षरी 'टू' स्वतःच दोन कामे करतो. 'वी वेंट टू द स्टेशन' मध्ये तो प्रेपोझिशन आहे, 'आय वाँट टू स्लीप' मध्ये तो पुढच्या क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे. पुन्हा तीच कसोटी लावा. 'वी वेंट टू इट' हे वाक्य उभे राहते, 'आय वाँट टू इट' हे राहत नाही. या कसोटीचा एक फायदा असा की अर्जात आणि ईमेलमध्ये हमखास चुकणारे एक वाक्य तिच्यामुळे सुटते. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' की 'टू मीटिंग यू'? 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे चालते, म्हणजे इथला 'टू' प्रेपोझिशन आहे, त्यामुळे त्याच्यापुढे नामासारखे रूप हवे, आणि म्हणून 'टू मीटिंग यू' बरोबर. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' याचेही कारण तेच.

प्रेपोझिशन आणि त्याचा नामसमूह नेहमी शेजारीच असतील असे नाही. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' मध्ये 'ॲट' शेवटी एकटा पडला आहे, पण त्याचा आधार 'व्हॉट' वाक्याच्या सुरुवातीला गेला आहे. 'द हाउस वी लिव्ह इन' मध्ये 'इन'चा आधार 'द हाउस' मागे राहिला आहे. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 साली वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन ठेवण्याला हरकत घेतली होती, आणि पुढे कित्येक शिक्षकांनी त्याचा नियम करून टाकला. इंग्रजीच्या स्वभावात मात्र ही रचना पूर्वीपासून आहे आणि तिला चूक म्हणण्याचे कारण नाही. एकाहून अधिक शब्द मिळूनही प्रेपोझिशन होते: बिकॉज ऑफ, इन फ्रंट ऑफ, इन्स्टेड ऑफ, अकॉर्डिंग टू. आणि काही प्रेपोझिशने चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. 'एव्हरीवन बट हिम' मधला 'बट' म्हणजे 'पण' नव्हे, 'खेरीज' आहे, आणि पुढे 'हिम' आल्यामुळे तो प्रेपोझिशन ठरतो. ड्युरिंग आणि रिगार्डिंग यांच्या शेवटी 'इंग' असले तरी ती क्रियापदे नाहीत.

कोणत्या ठिकाणी कोणते प्रेपोझिशन, हा ओळखण्याचा नव्हे तर निवडण्याचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा लेख लागेल. इथे एवढेच सांगतो की मराठी प्रत्ययाला एकच ठरलेले इंग्रजी प्रेपोझिशन जोडून देण्याची सवय मोडावी. आपण 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' असे एकाच 'पासून'ने काम भागवतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना 'सिन्स मंडे' आणि कालावधी सांगताना 'फॉर थ्री डेज' असे दोन शब्द लागतात, म्हणून 'सिन्स थ्री डेज' ही रजेच्या अर्जात दिसणारी चूक होते. काही वेळा मराठीत प्रत्यय असतो आणि इंग्रजीत काहीच नसते. 'विषयावर चर्चा केली' याचे 'डिस्कस्ड द मॅटर' एवढेच होते, त्यात 'अबाउट' किंवा 'ऑन' येत नाही.

राहिले नाम, आणि आता ते ओळखणे बरेच सोपे झाले आहे. ज्या तुकड्याच्या जागी सर्वनाम बसते, त्या तुकड्याचा मुख्य शब्द म्हणजे नाम. मुख्य शब्द कोणता हे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस' अशा शब्दाने नामसमूह उघडतो आणि विशेषणे ओलांडत नामापाशी येतो. 'द ओल्ड रेड बस' मध्ये शेवटचा 'बस' हा मुख्य. त्यापुढे 'इन', 'ऑफ', 'विथ' असे प्रेपोझिशन आले, तर तो समूहाचा पुढचा विस्तार असतो, मुख्य नाम त्याच्या आधीच येऊन गेलेले असते. दोन-तीन नामे लागून आली तरीही शेवटचे मुख्य असते. 'स्कूल बस ड्रायव्हर' म्हणजे ड्रायव्हर, आणि अनेकवचन करताना 'एस' त्यालाच लागतो: 'स्कूल बस ड्रायव्हर्स'. त्यातले 'स्कूल' आणि 'बस' ही विशेषणांचे काम करणारी नामेच आहेत.

अनेकवचनाचा 'एस' ही चांगली खूण आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. 'द डॉग बार्क्स' मधला 'एस' क्रियापदाचा आहे. उलट इन्फर्मेशन, फर्निचर, ॲडव्हाइस, लगेज, ट्रॅफिक ही नामे असूनही त्यांना अनेकवचन नाही, आणि म्हणूनच 'फर्निचर्स' किंवा 'ॲडव्हाइसेस' असे लिहिले की वाचणाऱ्याला खटकते. 'इट' मात्र या सगळ्यांच्या जागी व्यवस्थित बसते. शब्दाचा शेवटही मदत करतो: काइंडनेस, डिसिजन, मूव्हमेंट, ॲबिलिटी यांच्या शेवटचे नेस, जन, मेंट, टी हे अवयव बहुतेक वेळा नामाचेच असतात.

उच्चारातूनही काही खुणा सापडतात. 'रेकॉर्ड' आणि 'प्रेझेंट' यांसारख्या शब्दांत जोर पहिल्या अवयवावर असला तर ते नाम असते, दुसऱ्यावर असला तर क्रियापद. 'ॲडव्हाइस' हे नाम आणि 'ॲडव्हाइझ' हे क्रियापद, 'यूस' हे नाम आणि 'यूझ' हे क्रियापद, 'हाउस' हे नाम आणि 'हाउझ' हे क्रियापद. स आणि झ यांच्यातला हा फरक देवनागरीत लिहिताच दिसतो, तर यांतल्या शेवटच्या दोन जोड्यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही.

'इंग' लागलेल्या शब्दांकडे वेगळे पाहावे लागते. 'स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ' मध्ये 'स्विमिंग' काढून 'इट' घातले तर 'इट इज गुड फॉर हेल्थ' होते, म्हणून ते नामाचे काम करते. मराठीत 'पोहणे चांगले' म्हणताना 'पोहणे' हे धातुसाधित नाम जसे येते, तसेच हे. 'ही इज स्विमिंग' मध्ये 'इट' घालून 'ही इज इट' म्हटले तर अर्थच हरवतो, म्हणून ते क्रियापदाचा भाग. प्रेपोझिशननंतर क्रिया सांगायची तर हेच रूप लागते, 'बाय वर्किंग हार्ड', 'विदाउट आस्किंग', आणि त्याचे कारण आता वेगळे सांगायला नको.

ही कसोटी कुठवर ताणायची हेही सांगायला हवे. सर्वनाम बसले म्हणजे ती जागा नामाची आहे एवढे सिद्ध होते, त्या जागेतला प्रत्येक शब्द नाम आहे असे नाही. 'द पुअर नीड हेल्प' मध्ये 'द पुअर' च्या जागी 'दे' बसते, तरी 'पुअर' हे मुळात विशेषणच आहे आणि त्याचे 'पुअर्स' असे अनेकवचन होत नाही. 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू' मध्ये तर अख्ख्या उपवाक्याच्या जागी 'इट' बसते. अशा वेळी आधी समूह पाहावा आणि मग त्याच्या आत डोकवावे.

हे सारे एका वाक्यावर लावून पाहू. 'ऑन संडे माय अंकल टुक अस फॉर अ लाँग वॉक अलाँग द रिव्हर, अँड व्हेन द सन वेंट डाउन, ही टोल्ड अस टू वेट अंडर द ब्रिज.' सर्वनामे आधी उचलू, कारण ती पाठ आहेत: अस, ही आणि पुन्हा अस. 'माय' हा 'अंकल'ला चिकटून आला आहे, त्यामुळे तो सार्वनामिक विशेषण. आता ज्यांच्यामागून नामसमूह येतो ते शब्द पाहू. 'ऑन संडे', 'फॉर अ लाँग वॉक', 'अलाँग द रिव्हर', 'अंडर द ब्रिज' या चारांत 'ऑन इट', 'फॉर इट', 'अलाँग इट', 'अंडर इट' असे बसते, म्हणून ऑन, फॉर, अलाँग, अंडर ही चार प्रेपोझिशने. 'डाउन'पुढे नामसमूहच नाही, म्हणून तो यात येत नाही. 'टू वेट' मध्ये 'टू इट' करून पाहिले की वाक्य मोडते, म्हणून हा 'टू' क्रियापदाचा आहे आणि 'वेट' हे क्रियापद. नामे उरली ती संडे, अंकल, वॉक, रिव्हर, सन आणि ब्रिज. यांतला 'वॉक' हा शब्द एरवी क्रियापद म्हणून आपल्या ओळखीचा, पण इथे त्याच्या आधी 'अ लाँग' आहे, त्याही आधी 'फॉर' हे प्रेपोझिशन आहे, आणि 'अ लाँग वॉक' या तीन शब्दांच्या जागी 'इट' निमूट बसते, म्हणून तो नाम. 'व्हेन' आणि 'अँड' इथे वाक्ये जोडतात, म्हणून इथे त्यांच्यापुढे 'हिम' येऊ शकत नाही. 'व्हेन'नंतर कर्त्याच्या रूपातले सर्वनाम चालेल, 'व्हेन इट वेंट डाउन', आणि तिथे 'इट' सूर्याच्या जागी आलेले असेल.